घोडीच्या गळ्यावरची सुळी

बाई, काल आमची शेजारीण नातवाला मांडीत घेऊन त्याच्या टाळूवर तेल थापत बसली होती. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी बोलतात. मी समोरच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. तिनं पोराचे केस बाजूला केले आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "येरड सुळी अदाव, नोड." सून हसत बाहेर आली. मला कानडी फार येत नाही, पण एवढं कळलं की सुनेला बघ म्हणतेय, पोराच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, म्हणजे याला दोन बायका होणार. त्या दोघी हसत राहिल्या आणि मी ताट खाली ठेवून घरात आले. मागून शेजारीण विचारत होती, काय झालं हो बाई. मी म्हटलं, ऊन लागलं. सुळी म्हणजे भोवरा. हे मला चाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, आणि ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला जाऊनही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. आज सांगायला बसले आहे. याला काय म्हणायचं ते तुम्ही तिथं ठरवा.

तुमच्या घरी मी आले तेव्हा अकरा वर्षांची होते. वडील जेऊर स्टेशनावर सांधेवाले, आई नुकतीच गेलेली, आणि चौथीतली ही मुलगी हुशार आहे असं तुम्हाला कुणी तरी सांगितलेलं. तुम्ही सोलापुरातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई. वडिलांना म्हणालात, हिला माझ्याकडे ठेवा, मी शिकवीन. वडिलांनी डोईचा रुमाल काढून डोळे पुसले आणि पुढच्या गाडीने परत गेले. तुमचं स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. खिडकीत तुळस, फळीवर ओळीनं लावलेले डबे, आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. मीठ, साखर, पोहे. मी त्या चिठ्ठ्या वाचून शुद्धलेखन शिकले असं तुम्ही पुढे सगळ्यांना सांगत होतात. तुम्ही पुण्याकडच्या, आमटीत गूळ घालणाऱ्या. मी तुमच्यासारखी आमटी करायला शिकले, तुमच्यासारखं अक्षर काढायला शिकले, तुमच्यासारखी चालायलाही लागले होते. पुण्याला ट्रेनिंगला पाठवलंत तेव्हा दर आठवड्याला तुम्हाला पत्र लिहीत होते आणि तुम्ही माझ्याच पत्रातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवत होतात. इतर मुली हसायच्या. मला मात्र त्या लाल खुणांत तुमचा हात दिसायचा. दुसऱ्या वर्षाची परीक्षा पास होऊन आले तेव्हा तुम्ही मला छत्री दिलीत, काळी, बांबूच्या वाकड्या मुठीची. म्हणालात, आता तू मास्तरीण झालीस, लोक बघणारच, बघू देत. सोलापुरात तेव्हा छत्री घेऊन हिंडणाऱ्या बायका किती होत्या? आपल्या शाळेत तर मी एकटीच. मुली मला छत्रीवाल्या बाई म्हणायला लागल्या आणि मला ते फार आवडायचं.

मग ती आली. तुम्हाला आठवते ना, तिला मुली कानडी बाई म्हणायच्या. बाप एका लहानशा संस्थानाच्या पागेत चाबुकस्वार होता, कोवळी घोडी शिकवायचा. तो गेला, आणि ती आईला गावी भावाजवळ ठेवून इथं आत्याकडं राहायला आली. वर्गात शिकवायची तेव्हा पुस्तकातलं मराठी बोलायची, आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की हाय की, न्हाय की सुरू. लई मोठ्यानं हसायची. मला पहिले दोन महिने ती आवडली नाही. मग एका दुपारी तिनं न विचारता माझ्या टेबलावरच्या निम्म्या वह्या उचलल्या आणि म्हणाली, "तुझं तोंड बगवंना. आण हिकडं, मी करते." तेव्हापासून आम्ही मैत्रिणी झालो. मला त्याआधी मैत्रीण नव्हती बाई. तुमच्या घरात राहणारी मुलगी म्हणून शाळेतल्या मुली माझ्याशी जपून बोलायच्या, आणि मास्तरीण झाल्यावर बाकीच्या बायकाही तशाच.

पण एक गोष्ट मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते, ती आज लिहिते. ती एका रविवारी फडक्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आपल्या घरी आली. तुम्हाला ती चटणी चालत नसे, तिखट आणि तेलकट म्हणून. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्यावर चटणी ठेवून तुमच्या हातात दिलासुद्धा. "खाऊन तर बगा बाई, न्हाय आवडलं तर थुका." तुमच्याशी असं कोणी बोलत नसे. तुम्ही खाल्लात. डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलंत, हसलात, आणि आणखी एक तुकडा मागितलात. इतक्या वर्षांत माझ्या हातचं काहीही तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं. मी चुलीपुढं बसून फुंकणी फुंकत राहिले. जाळ चांगला होता, फुंकायची गरज नव्हती.

शर्यतीचा तो रविवार संक्रांतीनंतरचा. तीस सालचा मार्शल लॉ होऊन चार-पाच वर्षं झाली होती, गाव पुन्हा हसायला-बोलायला लागलं होतं. विजापूरच्या वाटेवरच्या माळावर घोड्यांची शर्यत लागणार म्हणून आठ दिवस दवंडी फिरत होती. गिरण्यांतले लोक, पेठांतले लोक, सगळ्यांच्या तोंडी तेच. तिनं वर्गाच्या दाराशी मला गाठलं. "जाऊ या की." मी म्हटलं, वेडी आहेस का, मास्तरणी घोड्यांच्या शर्यतीला? ती म्हणाली, "बाप गेल्यापास्नं घोडं पळताना बगितलं न्हाय गं. एकदा बगायचंय." एरवी हसणारी, तेव्हा हसली नाही. म्हणून मी हो म्हटलं. तुम्हाला काय सांगायचं ते मीच सुचवलं, हेही लिहून टाकते. रविवारी आपण मास्तरणी घरोघर फिरून मुली शाळेत आणायचो, तुमचीच ती पद्धत. मी तुम्हाला म्हटलं, आम्ही दोघी भवानी पेठेत जातो. तुम्ही म्हणालात, एकेका घरी एकटीनं गेलात तर दुप्पट घरं होतील. तेव्हा मी म्हटलं, बरं, वेगवेगळ्या जाऊ. बघा, एका थापेला दुसरी जोडली गेली, आणि ती दुसरी पुढं मला फार उपयोगी पडली.

भवानी पेठेत आम्ही एका घरी खरंच गेलो. तेलुगू विणकरांचं घर, बाप खड्ड्यातल्या मागावर बसलेला, दहा वर्षांची मुलगी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. आई म्हणाली, "पोरगी साळंत गेली तर कांड्या कोन भरतंय?" मी तिला शिक्षणाचे फायदे सांगायला लागले. कानडी बाईनं मात्र पदर खोचला, पोरीशेजारी बसली आणि स्वतः कांडी भरायला घेतली. सूत दोनदा तोडलं. मुलगी हसायला लागली, आई हसायला लागली. निघताना आई म्हणाली, सकाळचं पाठवते, दुपारचं नाही. ती मुलगी पुढं सातवीपर्यंत शिकली. तुम्ही तिला बक्षीस दिलं होतंत, आठवत असेल. तिला शाळेत कुणी आणलं म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हटलं होतं, मी.

माळावर पोचलो तर ही गर्दी. बांबू रोवून दोर बांधलेले, एका बाजूला साहेबलोकांची आणि सरदारांची कनात, तिच्यापुढं खुर्च्या, पोलिसांचा बँड वाजतोय. दोराबाहेर आमच्यासारखे उभे. हरभऱ्याचे डहाळे, बोरं, उसाची कांडकी विकायला बसलेल्या बायका. मी छत्री उघडून तोंडापुढं तिरकी धरली आहे. ती मला ओढत घोडी फिरवत होते तिकडं घेऊन जाते. सहा घोडी आहेत. सगळ्यांचा जीव एका पांढऱ्याशुभ्र घोड्यावर, संस्थानिकाचा तो, पाठीवर मखमल. शेवटी एक तांबडी घोडी, करकंबच्या बाजारातून कुणी शेतकऱ्यानं घेतलेली, अंगानं बारीक, स्वार अनवाणी. तिला बघून लोक दात काढत होते. ही मात्र दोराला पोट लावून एकेक घोडं निरखत होती, ओठ पुटपुटत. मी विचारलं, काय मोजतेस? ती म्हणाली, "सुळी बगतीय." मी दचकले. सुळी म्हटलं की मला सुळावर देणंच आठवणार. ती खदखदून हसली. "अगं सुळी म्हंजे भोवरा. केसांचा. आमच्यात सुळी म्हनत्यात. बाप घोडं घ्यायच्या आदी सगळ्या सुळ्या बगायचा. त्या पांढऱ्याच्या डोळ्याखाली बग, हाय का? ती रडवती. मालकाला न्हायतर स्वाराला. आन् त्या तांबडीच्या गळ्यावर, मान वर केली की दिसतीय, ती देवमन. असली सुळी लाखात एक." मी म्हटलं, सुळी काय पळते का, पाय पळतात. माझा पांढरा. ती म्हणाली, "माजी तांबडी. पैज?" पैज अशी ठरली: जिचं घोडं मागं पडेल तिनं जिंकणारीच्या वर्गाच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासायच्या, आठवडाभर. आमच्याजवळ लावण्यासारखं तेवढंच होतं.

मी वर्गात हजारदा सांगितलं असेल, इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ ते कान देऊन ऐका. सुत आणि सूत, दिन आणि दीन. तिनं सुळी म्हटलं तेव्हा तो उकार ऱ्हस्व होता आणि शेवटी ळी होता, मी माझ्या कानांनी ऐकलं. अर्थही तिनं मला सांगितला. त्या माळावर हजारो माणसं होती, पण तिच्या तोंडून हे कळलेली मी एकटी होते. पुढचं सगळं त्यावर आहे.

शर्यत सुटली. मातीचा लोट उठला. पहिल्या फेरीला पांढरा पुढं, तांबडी सर्वांत मागं. दुसऱ्या फेरीला वळणावर ती घोडी कुठून कोण जाणे बाहेरच्या अंगानं यायला लागली. एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं. स्वार तिच्या मानेवर आडवा झालेला, चाबूक नाही, काही नाही. आमच्या समोर आली तेव्हा तिनं मान वर फेकली आणि गळा उन्हात आला. कानडी बाई बांबूवर चढली होती. पदर खांद्यावरून गळालेला, दोन्ही हात वर, आणि आख्खा माळ ऐकेल अशा आवाजात ओरडत होती, "सुळी नोड! सुळी! सुळी!" तिचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही कुणाचा पाहिला नाही. समोरच्या खुर्च्यांवरून एका पागोटेवाल्या गृहस्थांनी मान वळवून मागं पाहिलं. आपल्या शाळेच्या मंडळातले होते ते. मी छत्री खाली ओढली आणि तीन पावलं बाजूला झाले. मोजून तीन. तिला ते कळलं नाही, ती घोडीकडं बघत होती.

तांबडी दुसरी आली, मानभर कमी पडली. पांढराच जिंकला. मी म्हटलं, काय गं तुझी सुळी, हरलीस. ती बांबूवरून उतरली, धापा टाकत होती, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण तोंड हसरं. म्हणाली, "बरं झालं की. पयल्या आलेल्याला मरंस्तोवर पळवत्यात. दुसरी आली म्हंजे घरी नीट जाईल." मग पैजेचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, सहा घोड्यांत शेवटची म्हणून जिला हसत होते ती दुसरी आली, ही माझीच जीत. मी म्हटलं, पांढरा पहिला आला, वह्या तुझ्याकडं. बोलत बोलत आम्ही लांबवर एका लिंबाखाली जाऊन बसलो. तिनं फडकं सोडलं, कडक भाकरीचे तुकडे केले. खाता खाता म्हणाली, भाऊ एका दोन पोरींच्या बापाला तिला द्यायचं म्हणतोय, तो चाळिशीच्या पुढचा. "नोकरी हाय तवर त्याचं काय चालत न्हाय. मी सांगितलंय, बाई मला सोडणार न्हायत. ही शाळा सुटली तर मात्र मला गावी नेतील बग." असं म्हणून तिनं मोठा तुकडा मला दिला. त्या लिंबाखाली मी जितकी सुखात होते तितकी मी कधीच नव्हते. आणि तिची नोकरी गेली तर काय होईल, हे मला तिच्या तोंडून कळलेलं होतं. नंतर मला असं म्हणायला जागा नाही की मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी प्रार्थना झाल्यावर तुम्ही आम्हा पाचही जणींना तुमच्या खोलीत बोलावलंत. टेबलावर त्या गृहस्थांची चिठ्ठी होती. तुम्ही तिला विचारलंत, "रविवारी घोड्यांच्या शर्यतीला गेली होतीस?" ती घाबरली होती, म्हणून वर्गाचं मराठी सुटलं. "व्हय बाई." "भवानी पेठेत जाते म्हणून सांगून?" "आदी तितं गेले, मग तिकडं." तुम्ही म्हणालात, "शर्यतीला गेलीस ते मी गिळलं असतं. मंडळाला मी सांगितलं असतं, तरुण मुलगी आहे, चुकली. पण चारचौघांत तू जो शब्द ओरडलीस, तो ओरडणारीच्या हाती मी लोकांच्या मुली कशा देऊ?" शब्द तुमच्या तोंडून येईना. तुम्ही चिठ्ठी फिरवून तिच्यापुढं केलीत. आपल्या गावात मराठी माणसाला कानडी येत नाही, पण कानडी शिव्या पाठ असतात. गृहस्थांनी लिहिलं होतं, सूळे. सू दीर्घ आणि शेवटी ळे. वेश्या. गिरणीच्या दारात, टांग्याच्या अड्ड्यावर रोज कानी पडणारा शब्द तो. त्यांच्या कानांनी ओळखीचा होता तोच ऐकला.

तिनं चिठ्ठी वाचली आणि, बाई, ती हसली. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला हे मी तुमच्या कपाळावर पाहिलं. ती उद्धट नव्हती. मास्तरीण होती, तिला चूक दिसली. म्हणाली, "बाई, हे चुकीचं लिवलंय. सु ऱ्हस्व हाय, आन् पुढं ळी. सुळी. घोडीचा भोवरा." तुम्ही म्हणालात, सारवासारव पुरे, ते गृहस्थ म्हणतात त्यांना कानडी कळतं. मग तिचं हसू गेलं. हळूच बोलली. "माज्यासंगं एक जण होती. तिला मी अर्थ सांगितलावता. ती सांगंल तुमाला." कोण, तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, "नाव मी घ्यायची न्हाय. तिला वाटलं तर बोलंल ती."

तुम्ही आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवलीत. म्हणालात, "हे खरं असेल तर आत्ता सांगा. शब्द तसा नसेल तर ती इथंच राहील, मंडळाला मी उत्तर देईन." असं स्पष्ट म्हणालात तुम्ही. तेवढ्यात गिरणीचा भोंगा सुरू झाला आणि तो वाजून थांबेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत. एवढा लांब भोंगा मी पुन्हा ऐकला नाही. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही, खाली फरशीकडं बघत राहिली. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. हेही मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आले आहे, आणि ते खोटं असावं. मी बोलले नाही. भिऊन बोलले नाही, असं कुणी विचारलं तर सांगितलं असतं. भीती होतीच. पण भोंगा वाजत होता तेव्हा माझ्या मनात ती भाकरी होती. तुम्ही मागून घेतलेला दुसरा तुकडा. ही गेली की तुम्ही पुन्हा माझ्या एकटीच्या व्हाल, असं मला वाटलं. इतकं कोतं मन होतं माझं.

तिची नोकरी गेली. तिनं निघताना आपल्या वर्गातल्या शुद्धलेखनाच्या वह्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या, कडा नीट जुळवून. दारात मुली उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत गेली. तिचा वर्ग माझ्याकडंच आला. त्या आठवड्याच्या वह्या मी तपासल्या. तुम्ही एकदा माझा तपासलेला आख्खा गठ्ठा परत पाठवला होतात, दोन ऱ्हस्व-दीर्घ नजरेतून सुटले म्हणून. या गठ्ठ्यात मी एकही चूक सुटू दिली नाही.

चिठ्ठीत शेवटी आणखी एक ओळ होती, ती तुम्ही आम्हाला सांगितली नाहीत. तुम्ही गेल्यावर तुमची पेटी आवरताना मला ती चिठ्ठी सापडली. सोबत छत्री घेतलेली एक स्त्री होती, चेहरा दिसू शकला नाही, असं लिहिलेलं. मी पेटीपाशीच बसले. माझी छत्री त्या दिवशी तुमच्या खोलीत, तुमच्या समोरच्या खुंटीवर टांगलेली होती. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला बोलायला सवड दिलीत, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर तुम्ही मला वाचवलंत. तिला जाऊ देऊन. त्या मंगळवारनंतर आपण दोघी पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलो आणि हा विषय एकदाही निघाला नाही. पहिल्याच रविवारी मी तुमच्यासाठी कडक भाकरी केली होती, शेंगांची चटणी कुटली होती. तुम्ही अर्धा तुकडा खाल्लात आणि म्हणालात, पुरे. मग आपल्या घरात ती चटणी झाली नाही. शेवटच्या दुखण्यात, बोलायलाही धाप लागायची तेव्हा, तुम्ही एकदा विचारलंत, "तुझी छत्री कुठं आहे गं?" मी म्हटलं, कोपऱ्यात. तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीकडं तोंड केलंत. मला वाटलं, तापात बोलताहात. आता वाटतं, तुम्ही दार उघडून दिलं होतंत, आणि मी तेव्हाही आत आले नाही.

मी तुमच्या खुर्चीवर बसले, तीही सोडून आता किती तरी वर्षं झाली. जुन्या मुली कधी भेटतात, आमच्या बाई फार कडक म्हणतात. घरी मी एकटी. आमटीत गूळ घालते, एकटीची करते आणि दोन वेळा पुरते. मैत्रीण म्हणावी अशी दुसरी कोणी मिळाली नाही, आणि मी कुणाला फार जवळ येऊही दिलं नाही. छत्रीचं कापड तीनदा बदललं, मूठ तीच आहे.

आणि आता एक शेवटचं. ती गेल्यावर दोन वर्षांनी तिचं कार्ड आलं होतं. तुम्हाला मी दाखवलं नाही. चार ओळी होत्या, लग्न झालं, नवऱ्याच्या पहिल्या घरच्या दोन मुली आहेत, त्यांना लिहायला शिकवते आहे, मी बरी आहे. आणि खाली: वह्या तपासल्यास का? एवढंच. राग नाही, काही नाही. मी उत्तर लिहिलं नाही. कार्डावर गावाचं नाव आहे, माणसं सहसा गाव सोडून जात नाहीत, आणि ती माझ्याहून एका वर्षानंच मोठी. तुम्हाला लिहिताना सात पानं झाली बाई, कुठं अडलं नाही. तुम्ही उत्तर द्यायच्या नाहीत म्हणून हे जमलं. पोस्ट आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. काल शेजारणीकडून घरात आल्यावर मी एक कोरं कार्ड काढलं, त्यावर तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि मग ते बाजूला ठेवलं, आणि आज तुम्हाला लिहायला बसले.